सिरोस बेटावरचं एर्मूपोली: चार रात्री राहून आल्यावर

आधी लुकुमीचं, म्हणजे तिथल्या मिठाईचं सांगते, कारण मी गेले ती त्यासाठीच.

माझं माहेर बेळगावच्या शहापुरातलं, कुंदा करणाऱ्या घरातलं. लग्न होऊन टिळकवाडीत आल्यावरही बावीस वर्षं मी घरून कुंदा करून दिला. दूध आटत असताना उलथनं थांबू द्यायचं नाही, रंग कुठवर येऊ द्यायचा, साखर कधी घालायची, हे हाताला कळतं, तोंडानं सांगता येत नाही. लेक म्युनिकला असते. ती म्हणाली, "आई, ग्रीसला जाऊया, सान्तोरिनी बघूया." मी तिला विचारलं, "तिथं मिठाईचं नाव असलेलं एखादं गाव नाही काय गं?" तिनं दोन दिवसांनी सांगितलं: बेट सिरोस, बंदराचं गाव एर्मूपोली, मिठाई लुकुमी. व्हिसाचे कागद करायला बेळगावात ज्यांच्याकडं गेलो, ते म्हणाले, "काकू, तिथं कोण जातंय? तिथं बघायसारखं काय नाही की." मला त्याचं वाईट वाटलं होतं, आणि आता परत आल्यावर जास्तच वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जहाज बंदराला लागलं की समोरच, गाड्यांच्या रस्त्यापलीकडं, लुकुमीची दुकानं दिसतात. पूर्वी विक्रेते टोपल्या घेऊन जहाजावरच चढायचे म्हणे. लोंढ्याला गाडी थांबली की डब्यात वडेवाले चढतात ना, तसे. आता माणूस उतरून दुकानात जातो, एवढाच फरक. आम्ही गेलो त्या दुकानाच्या मागच्या खोलीतच कारखाना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलो तर काम बघायला मिळालं.

तांब्याची मोठी कढई. त्यात साखर, पाणी आणि स्टार्च. एवढंच. दूध नाही, तूप नाही, अंडं नाही. म्हणजे आपल्यासारख्या शाकाहारी माणसाला लुकुमी निर्धास्त चालते. सगळी करामत ढवळण्यात आहे. आता ढवळायला यंत्र लावलंय, पण समोर माणूस उभा असतो आणि दर थोड्या वेळानं लांब दांड्याच्या लाकडी उलथन्यानं थोडं उचलून बघतो. दोन तास हे चालतं. मिश्रण आधी पेजेसारखं दिसतं, मग खळीसारखं, आणि शेवटी कढईच्या कडेपासून सुटून एक गोळा व्हायला लागतं. तो क्षण मी ओळखला. कुंदाही तसाच कड सोडतो. मी नकळत "आता" म्हणाले, आणि पुढच्याच मिनिटाला त्या माणसानं यंत्र बंद केलं. आमच्या ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मला भरून आलं होतं.

मग ते लाकडी ट्रेमध्ये ओततात, थंड होऊ देतात, चौकोनी वड्या कापतात आणि पिठीसाखरेत घोळवतात. गुलाबाची लुकुमी सगळीकडं मिळते, पण मी म्हणेन मास्तिखाची घ्या. मास्तिखा म्हणजे खिओस बेटाच्या दक्षिण भागात होणाऱ्या एका झाडाचा चीक. वाळला की डिंकाच्या खड्यासारखा दिसतो. चव सांगायची तर थोडी कापराकडं झुकणारी, थोडी देवदाराच्या लाकडाच्या वासासारखी. पहिली वडी मला परकी वाटली, तिसऱ्या वडीला आवडली. बदाम घातलेली ह्यांना आवडली. बर्गामोट या लिंबासारख्या फळाची लेकीला. पाच युरोच्या आत मध्यम डबा आला.

दुकानातल्या आजी सत्तरीच्या असतील. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला ग्रीक. मी खुणेनं विचारलं, आत येऊन बघू का? त्या म्हणाल्या, "ने, ने." मला वाटलं काहीतरी उचलून न्यायला सांगतात. मी ट्रेकडं हात केला तर पुन्हा हसून "ने, ने." लेकीनं मग सांगितलं की ग्रीकमध्ये "ने" म्हणजे "हो". पण मी ट्रे उचलला होता आणि त्यांनी दुसरी बाजू धरली होती, म्हणून आम्ही दोघींनी मिळून तो टेबलावर नेऊन ठेवला. तिथून पुढचा अर्धा तास भाषेची गरज लागली नाही. मी फोनवर माझ्या कुंद्याचा व्हिडिओ दाखवला. दूध तांबूस झालं तिथं त्यांनी बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. त्यांना कुंदा खायला द्यावा असं फार वाटत होतं, पण दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे, ते लेकीनं आधीच बजावलं होतं. मी गोकाकचा करदंट, डिंक आणि सुकामेवा घातलेली मिठाई, नेला होता. तो दिला. त्यांनी दातांनी डिंक ओळखला आणि लगेच मास्तिखाची बरणी काढून माझ्यापुढं धरली, म्हणजे हेच ना? तेच नव्हे, पण जात तीच.

ही मिठाई या बेटावर आली कशी, ते कळल्यावर मला तो डबा वेगळाच वाटायला लागला. १८२२ साली ऑटोमन फौजेनं खिओस बेटावर कत्तल केली. जे वाचले ते पळाले. दोन वर्षांनी प्सारा बेटही उद्ध्वस्त झालं. सिरोसवर तेव्हा जुनी कॅथलिक वस्ती होती, तिला फ्रेंचांचं संरक्षण होतं आणि ती लढाईच्या बाहेर राहिली होती. म्हणून पळालेली माणसं इथं, टेकडीखालच्या मोकळ्या किनाऱ्यावर उतरली. त्यांनी जे गाव वसवलं त्याला व्यापाराच्या देवाचं, हर्मीसचं नाव दिलं. एर्मूपोली म्हणजे हर्मीसची नगरी. लुकुमीची विद्या खिओसच्या लोकांबरोबर आली. हातात जे होतं तेवढंच घेऊन आलेली माणसं, आणि त्यात ही कढईची विद्या. आजी म्हणाल्या (लेकीनं फोनवर भाषांतर करून सांगितलं) की इथल्या पाण्यामुळं लुकुमीला ही लवचीक चव येते, दुसरीकडं केली तर येत नाही. आमची आजीही कुंद्याबद्दल हेच म्हणायची.

तिथंच एक इशारा. हलवादोपिता म्हणून दुसरा प्रकार मिळतो, पातळ पापडीसारख्या दोन चकत्यांत मध आणि भाजलेले बदाम घालून केलेला पांढरा थर. दिसायला फार सुंदर, पण त्यात अंड्याचा पांढरा बलक असतो. मी खाल्ला नाही. ज्यांना चालतं त्यांनी घ्यावा. ह्यांच्या पुतण्यानं घरी आणलेला एका दिवसात संपवला.

पोचायचं कसं, तेवढं पटकन सांगते. लेकीकडं आलेल्या माणसाला जर्मनीच्या शेंगेन व्हिसावर ग्रीसला जाता येतं, वेगळा लागत नाही. अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रो थेट पिरेअस बंदरापर्यंत जाते, तासभर लागतो. तिथून मोठ्या जहाजानं पावणेचार तास. सप्टेंबरअखेर समुद्र शांत होता. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा वारा, मेल्तेमी, जोरात असतो, तेव्हा ज्यांना लाटांचा त्रास होतो त्यांनी विचार करावा. उतरायची वेळ झाली की सामान घेऊन आधीच खाली जाऊन उभं राहायचं. जहाज मागच्या बाजूनं धक्क्याला लागतं, फळी उतरते, माणसं-गाड्या उतरतात-चढतात आणि दहा मिनिटांत ते पुढच्या बेटाकडं निघूनही जातं. आमच्याबरोबरचे बहुतेक प्रवासी मायकोनोसला जाणारे होते, ते खुर्च्यांतून हललेही नाहीत. मला मनातून वाटलं, अरे, उतरा की इथं.

खोली आम्ही वापोरिया भागात घेतली होती. जुन्या जहाजमालकांची ही वस्ती, घरांच्या भिंती सरळ समुद्रात उतरतात. रात्रीला सत्तर युरो. मालकीणबाईंनी आल्या आल्या ताटलीत तीन लुकुमी आणि थंड पाण्याचे तीन पेले ठेवले. आपल्याकडं खेड्यात पाहुणा आला की गूळ-पाणी देतात, तेच! ह्यांनी पाणी प्यायच्या आधी "बघ की," एवढंच म्हटलं. खोली स्वच्छ, छत उंच, लाकडी दारं हिरवी. दोष सांगायलाच हवेत: लिफ्ट नाही, छत्तीस पायऱ्या आहेत, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, कारण तिथले नळ बारीक आहेत; हे ग्रीसमध्ये बऱ्याच ठिकाणी असंच आहे. प्यायला बाटलीचं पाणी घ्यावं, बेटावर समुद्राचं पाणी गोडं करून नळाला येतं. बेळगावला येणारं राकसकोप धरणाचं पाणी पिऊन वाढलेल्या माणसाला ते जिभेवर लगेच कळतं.

सकाळी साडेसातला खिडकीतून आवाज यायचे. खाली समुद्रात चार-पाच आज्या डोक्यावर टोप्या घालून गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या, गप्पा मारताहेत. रोज. विहिरीवर धुणं धुताना बायका बोलायच्या तसा तो सूर. भाषा कळत नसली तरी कुणाच्या सुनेबद्दल चाललंय, हे कळत होतं. तिसऱ्या दिवशी मी दगडी पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले. त्यांतल्या एकीनं हात करून बोलावलं. मला पोहता येत नाही. मी नुसती मान हलवली, तर ती पोहत पायरीपर्यंत आली आणि माझ्याशेजारी बसून राहिली. दहा मिनिटं आम्ही दोघी समुद्राकडं बघत बसलो होतो. या गावाला मी पूर्ण गुण देते आहे त्यात या दहा मिनिटांचा वाटा मोठा आहे.

आता जेवण. शाकाहारी माणसाची आबाळ होईल अशी धास्ती होती, ती खोटी ठरली, पण शिकावं लागलं. फावा मागा. पिवळ्या डाळीसारख्या दाण्याचं घट्ट वरण, वरून ऑलिव्हचं तेल, कच्चा कांदा आणि सिरोसच्या कापारी. कापारी म्हणजे खडकात उगवणाऱ्या झुडपाच्या कळ्या, खारवलेल्या. आपल्या लोणच्यातल्या करवंदाची आठवण होते. होर्ता म्हणजे उकडलेला पाला, लिंबू पिळून. येमिस्ता म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची; भातात कधी खिमा असतो, म्हणून विचारून घ्या. सान मिखाली नावाचं इथलं गाईच्या दुधाचं चीज नावाजलेलं आहे, पण चीज कशानं विरजतात हे मला तिथं समजावून घेता आलं नाही, म्हणून मी खाल्लं नाही. लेकीनं खाल्लं, ती म्हणाली तिखट आहे, छान आहे.

एक शब्द पाठ करून जा: निस्तीसिमा. ऑर्थोडॉक्स लोकांच्या उपवासाचं जेवण. त्यात मांस, मासे, दूध, अंडं काही नसतं. हा शब्द म्हटला की वाढणाऱ्याचा चेहरा बदलतो, आदरानं बोलायला लागतो, आणि आतून काहीतरी घेऊन येतो. फक्त एक सांभाळायचं: त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात. आमच्या पहिल्याच रात्री एका खाणावळीत निस्तीसिमा म्हणून आलेल्या ताटलीत शिंपल्या होत्या. दुसरीकडं मोठ्या पांढऱ्या पावट्यांच्या भाजीवर न सांगता खारवलेली मासळी घातली होती. ती ताटली परत केली तर तिचे पैसेही लावले आणि बोलणंही तुटक झालं. त्या जागेचं नाव लिहीत नाही, पण बंदराच्या कडेला रंगीत फोटोंचे मोठे फलक लावलेल्या जागा टाळा आणि एक गल्ली आत जा. आतल्या गल्लीत एका बाईनं आम्हाला स्वयंपाकघरात नेऊन पातेल्यांची झाकणं उघडून दाखवली. तिथंच पुढच्या तीन रात्री जेवलो. रात्रीचं जेवण नऊच्या आधी मिळायचं नाही, आणि दुपारी अडीच ते साडेपाच गाव झोपतं. आमच्या खडेबाजारातही काही जुनी दुकानं दुपारी फळ्या लावायची, त्यामुळं मला ते खटकलं नाही. ह्यांना चहाची पंचाईत झाली.

ह्यांची गोष्ट वेगळीच. तीस वर्षं उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेली त्यांची. मिठाई बघायला आलेला माणूस नव्हे तो. पण बंदरात शिरतानाच समोर निओरियो जहाजबांधणी कारखान्याच्या क्रेन दिसल्या आणि ते कठड्याला जाऊन उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात हे गाव ग्रीसचं मोठं बंदर होतं, नंतर पिरेअस पुढं गेलं. पण अजूनही इथं जहाजं दुरुस्तीला येतात. गावात एक औद्योगिक संग्रहालय आहे, तिथं आम्ही अर्धा तास म्हणून गेलो आणि अडीच तास होतो. यंत्रं, साचे, मागाचे भाग, छापखान्याची सामग्री. एक छोटी विजेवर चालणारी मोटार आहे, एनफिल्ड ८०००, जी १९७०च्या दशकात याच बेटावर बनायची. ह्यांनी ओतीव लोखंडाच्या एका भागावर बोट फिरवून मला सांगितलं, "अगं, हे बघ की, साच्याची जोडरेघ. घासलीच नाही." दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी कामगाराची घाई त्यांना दिसली, आणि ते बराच वेळ तिथून हलेनात. फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला घेऊन कुणी या बेटावर येणार असेल तर हे संग्रहालय पहिल्या दिवशी ठेवा.

चौकाबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. मियाऊली चौक, सगळा संगमरवरी फरशीचा. समोर नगरपालिकेची इमारत, एर्न्स्ट त्सिलर या वास्तुकारानं आखलेली, काम १८७६ला सुरू झालेलं. इतकी मोठी इमारत इतक्या छोट्या गावाला कशाला, असं वाटेल. पण संध्याकाळी त्याच पायऱ्यांवर पोरं बसलेली, फरशीवर फुटबॉल, आजोबांच्या खुर्च्या कडेला, रात्री अकरापर्यंत. पायात रबरी तळाचे बूट घाला, फरशी गुळगुळीत आहे. मागं अपोलो थिएटर आहे, १८६४ सालचं, इटालियन वास्तुकाराचं. आत लाल खुर्च्या, तीन मजली सज्जे. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यांनी ते १८८०ला उभं केलं. म्हणजे निर्वासितांच्या या गावानं वसल्यावर चाळीसेक वर्षांतच, त्याच्याही सोळा वर्षं आधी, नाटकासाठी असं घर बांधलं होतं. मी रिकाम्या सज्ज्यात बसून हा हिशेब केला.

आणि त्या दोन टेकड्या. बंदरातून वर बघितलं की डावीकडच्या टेकडीवर कॅथलिकांचं जुनं आनो सिरोस, माथ्यावर सेंट जॉर्जचं चर्च; उजवीकडच्या टेकडीवर ऑर्थोडॉक्सांचं अनास्तासी चर्च. आधीपासून राहणारे एकीकडं, नंतर आलेले दुसरीकडं, आणि मधे दोघांचं मिळून गाव. मालकीणबाई ऑर्थोडॉक्स, त्यांची सून कॅथलिक. जगात बहुतेक ठिकाणी या दोघांचा ईस्टर बहुतेक वर्षी वेगवेगळ्या दिवशी येतो, सिरोसवर दोघं एकाच दिवशी करतात. कसं जमतं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, जेवण एकाच घरात शिजतं, दोनदा कोण शिजवणार?

मी बेळगावची. आमच्या गल्लीत शेजारच्या अक्का कन्नड बोलतात, मी मराठी, आणि कुंद्याची ऑर्डर त्या "अर्धा किलो कोडी" (म्हणजे द्या) म्हणून देतात, मी "देते की" म्हणते. पाटीवर काय लिहावं यावरून आमच्या गावानं किती दिवस बंद पाळलेत, ते मी लहानपणापासून बघितलंय. त्या सुनेनं स्वयंपाकघरात सासूच्या हातातून पातेलं घेतलं तेव्हा मला अक्का आठवल्या, आणि त्यांच्यासाठी मी गुलाबाचा वेगळा डबा घेतला.

आनो सिरोसला जाताना छोट्या बसनं वर जा आणि चालत खाली या. उलटं केलंत तर पायऱ्यांनी दम निघेल. वर गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही भिंतींना हात लागतात. रेबेतिको, म्हणजे ग्रीसमधली शहरी लोकगीतं, गाणारे मार्कोस वाम्वाकारिस इथं १९०५ला जन्मले, त्यांचं छोटं संग्रहालय आहे. खाली गावात कोइमिसिसच्या चर्चमध्ये मेरीच्या देहावसानाचं एक चित्र आहे. वर्षानुवर्षं भाविक त्यापुढं मेणबत्त्या लावत होते. १९८३ साली त्यावर एल ग्रेको या नामवंत चित्रकाराची सही सापडली. आत फोटो काढू नका, मेणबत्ती लावा.

निघायच्या दिवशी जहाज उशिरा आलं. आजी दुकानाच्या दारात उभ्या होत्या. माझ्या हातात एक कागद दिला, त्यावर करदंटाचं नाव ग्रीक अक्षरांत लिहून घेतलं होतं, आणि बोटानं विचारत होत्या, बरोबर आहे का? मला ती अक्षरं वाचता येत नव्हती. मी त्यांना मोठ्यानं म्हणायला सांगितलं. "कर-दान्त," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ने."

लुकुमी घरी पंधरा-वीस दिवस सहज टिकते, फक्त फ्रिजमध्ये ठेवू नका, पाणी सुटतं. अक्कांच्या डब्यातली पाचव्या दिवशी संपली. त्यांनी रिकामा डबा धुऊन परत दिला, त्यात चिरमुऱ्याचे लाडू होते. पुढच्या वेळी ईस्टरच्या आठवड्यात जायचं ठरलंय. खोली मालकीणबाईंना आत्ताच सांगून ठेवली आहे.